दोन वाढले

फिलू, आज सकाळी चहा ओतत होते आणि टिच् असा आवाज झाला. ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, कडेवरून नख फिरवून बघितलं. शाबूत होता. मग दुसरा ग्लास बघितला, कंदिलाची काच बघितली, खिडकीच्या तावदानापर्यंत जाऊन आले. मुलगी म्हणाली, "आई, काय शोधतेस?" म्हटलं, "काय फुटलं ते." ती म्हणाली, "काहीच नाही फुटलं गं." आणि माझ्याकडे बघत राहिली, जशी मी तुझ्याकडे इतकी वर्षं बघत आले.

तुझ्या मातीला येऊन अजून आठवडा झालेला नाही. तू होतीस तोवर हा आवाज फक्त तुला ऐकू यायचा आणि मी तुला वेड्यात काढायची. आता तो माझ्याकडे आला. जाताना बायका मैत्रिणीला एखादी साडी, कानातलं देऊन जातात. तू हे दिलंस. तुझं सगळंच जगावेगळं.

निरोप घेऊन तुझा भाऊ पास्कू आला. गोराईहून सकाळच्या पहिल्या होडीनं खाडी ओलांडून बोरिवलीला, थेट माझ्या दारात. म्हणाला, "सुमनबाय, फिलू गेली." मी विचारलं, "कुठं?"

खरंच विचारलं. मला वाटलं रविवार आहे, चर्चला गेली असशील, नाहीतर वसईला मावशीकडे. तो उंबऱ्याशी उभा, पायांना अजून खाडीचा चिखल, आणि मी विचारतेय कुठं गेली, परत कधी येणार. मग तो म्हणाला, "सकाली उठलीच नाय गो." तेव्हा डोक्यात शिरलं. तू तिथं असतीस तर आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं असतंस. त्याला म्हणाली असतीस, सरळ सांगायला काय झालं. आणि मला म्हणाली असतीस, "काय ऐकलंस ते सांग."

अंधेरीचा आपला कारखाना आठवतो ना? मरोळच्या रस्त्यावरचा, पत्र्याच्या छपराचा. मध्ये भट्टी, दोन्ही बाजूंना लांब बाकं, बाकांवर आम्ही बायका, बहुतेक कोकणातल्या. कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा गोदीत. काम सांगायला सोपं होतं. लोखंडाचं इवलंसं कडं, त्यात काचेचा मणी, मण्याच्या पोटातून आरपार जाणारी तार. भट्टीत घातलं की काच वितळून कड्याला आणि तारेला घट्ट धरायची. बंद डबीत वीज न्यायची पण हवा जाऊ द्यायची नाही, तर असा मणी लागतो. आधी ते साध्यासुध्या यंत्रांसाठी असायचे. मग एके दिवशी साहेबांनी सांगितलं की यातले काही मणी आता दक्षिणेला जाणार, रॉकेटात बसणार, आणि उद्या देशाचा उपग्रह वर न्यायचा तर भिस्त अशाच मण्यांवर असणार. बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मी घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "रॉकेटाक मणी कित्याक? दिष्ट लागता काय तेका?"

तू आलीस त्या दिवशी फ्रॉक घालून आली होतीस आणि बाकावर तू एकटीच मॅट्रिक. तासाभरात तुझ्या हातातला गरम मणी टिच् करून तडकला आणि तू खणखणीत आवाजात म्हणालीस, "फुटला." सगळ्या माना वळल्या. एकीनं तर हात कपाळाला लावला. मी तुझ्या शेजारी होते, म्हणून सांगायचं काम माझ्यावर आलं.

"काच फुटली म्हणायचं नसतं गं. वाढली म्हणायचं."

"वाढली?"

"बांगडी फुटली असं कुणी म्हणतं का? बांगडी वाढते. नारळ वाढवतात. संध्याकाळी दुकान वाढवतात. वाईट बोलू नये म्हणून."

तू मण्याचे दोन तुकडे तळहातावर घेऊन विचार केलास आणि म्हणालीस, "हां, बरोबर. एकाचे दोन झाले म्हणजे वाढलेच की." सगळं बाक हसलं. मला तू तिथंच आवडलीस.

तो शब्द तुला मी शिकवला. हे मी कधी लपवलं नाही आणि मला त्याची लाजही नाही. चांगला शब्द आहे. घडलं ते वाईट घडलं, निदान जिभेला तरी त्याचा विटाळ नको, एवढंच त्याच्या पोटात आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी तो सांभाळला तो काही रॉकेटं पाडायला नव्हे. आणि तू तो उचललास तो आमच्यावरच्या मायेनं. तुझ्या घरी बशी फुटली तर फुटली म्हणत. पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की तू आमच्यासारखी बोलायचीस, इतकी की नवीन आलेल्या पोरींना तूच दटावायचीस.

पुढं तुला तपासणीच्या खोलीत घेतलं. भट्टीतून एका वेळी निघालेल्या मण्यांना आपण घाणा म्हणायचो, चकल्यांचा असतो तसा. प्रत्येक घाण्यातले काही मणी तू उकळत्या पाण्यातून काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाकायचीस आणि कान लावून बसायचीस. डोळ्याच्या आधी कानाला कळायचं. नियम असा की एक जरी तडकला तरी सगळा घाणा अडवायचा. मला तेव्हा ती उधळपट्टी वाटायची. "एक नासका निघाला म्हणून टोपलीभर आंबे टाकते का कुणी?" असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, "आंबा दाबून बघता येतो. हा आज गप्प बसेल आणि वर आभाळात फुटेल, तिथं कोण जाणार बघायला?" आपण यावर डबा खाताना किती भांडलो असू. त्या भांडणात तू जिंकलीस, हे आता लिहून टाकते.

त्या दुपारी मी ट्रे ठेवायला तुझ्या खोलीत आले होते, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. दक्षिणेची पेटी संध्याकाळी निघायची होती. साहेब सकाळपासून एकाच काळजीत होते, आकडा भरतो की कमी पडतो. बाकावर येऊन तेच, भट्टीशी येऊन तेच. तुझ्याकडे ते आलेच नव्हते, तू दार लावून पाण्याशी बसलेली. मी आत आले आणि टिच् झालं. तू बोट ओठांवर ठेवलंस. थोड्या वेळानं पुन्हा टिच्. तू चिमट्यानं दोन मणी बाहेर काढलेस, उजेडात धरलेस, फोन उचललास आणि वर साहेबांना म्हणालीस, "साहेब, दोन वाढले."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो खूश होता. "झकास. पाठवून द्या."

तू फोन ठेवून मला म्हणालीस, "यात झकास काय आहे गं?" आणि दोन्ही मणी पुडीत बांधून शिपायाबरोबर वर पाठवून दिलेस.

बस, एवढंच झालं. साहेबांनी ऐकलं की आकड्यापेक्षा दोन जास्त निघाले. त्यांनी पॅकिंगला सांगितलं, घाणा जाऊ दे. तू ऐकलंस की फुटलेले दोन साहेबांना दाखवायला वर पाठवायचे. पॅकिंगवाल्यानं मोजले, आकडा भरला, जादा दोन कुठं आहेत हे विचारायला कुणाला सवड होती. पेटीबरोबर साहेब स्वतःच गाडीत बसले. तुझी पुडी त्यांच्या टेबलावर पडून राहिली. तपासणीच्या कार्डावर तू इंग्रजीत सगळं बरोबर लिहिलं होतंस, पण ते कार्ड शिपायाच्या चालीनं जायचं आणि फोन त्याच्या आधी पोचायचा. इंग्रजीत बरोबर होतं ते मराठीत चुकलं. आणि साहेब मराठीच, हा खरा घोळ. तमिळ साहेब असता तर तू त्याच्याशी इंग्रजीत बोलली असतीस आणि ती पेटी जागची हलली नसती.

दुसऱ्या दिवशी अडवलेल्या घाण्याची फळी रिकामी बघून तू पॅकिंगवाल्याला विचारलंस. "साहेबांनी सांगितलं" म्हणाला. तुला वाटलं, तिकडे नेऊन पुन्हा तपासणार असतील. साहेब परत आले, पुडी उघडली, आणि तसेच ट्रंककॉल लावायला धावले. तिकडून उत्तर आलं की आम्हीही तपासलेत, बसवूनही झालेत, आता उघडता येत नाही, काळजी करू नका. मग ते रॉकेट उडालं. अजून उपग्रहाचं नव्हतं, त्याच्या आधीच्या तालमीचं होतं. खालचा टप्पा व्यवस्थित जळाला. वरचा पेटलाच नाही. वरच्याला पेटायचा इशारा द्यायचा तो ज्या बंद डबीनं, तिच्यात आपले मणी. सगळं समुद्रात गेलं.

साहेब खाली तपासणीच्या खोलीत आले तेव्हा तू उभी राहिलीस. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"बाई, तुम्ही फोनवर काय म्हणाला होतात?"

"दोन वाढले म्हणाले, साहेब."

"मीही तेच ऐकलं," ते म्हणाले.

तुमच्या दोघांच्या मध्ये बर्फाच्या पाण्याची बादली होती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना ओरडता आलं असतं, तुलाही आलं असतं. दोघंही खरंच बोलत होतात, त्यामुळं भांडायलासुद्धा जागा उरली नाही.

चौकशी झाली. त्यात दोन-तीन शक्यता आल्या, त्यातली एक आपल्या डबीची. नक्की काय झालं हे सांगू शकणारी वस्तू समुद्राच्या तळाशी. कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला शब्दानं बोल लागला नाही. दुसरी एखादी देवाला नारळ देऊन मोकळी झाली असती. तुला तेच छळत राहिलं. "शिक्षा झाली असती तर फिटलं असतं गं," असं तू म्हणालीस, आणि मी तुला म्हटलं, "वेडी आहेस का? हजार भाग असतात त्यात. तुझेच दोन मणी कशाला?" तू म्हणालीस, "हजार असतात, म्हणून तर. त्यातला एक फुटला तरी पुरतो."

तेव्हापासून तुझं ते सुरू झालं. फोनवर तू एक वाक्य बोलायचीस आणि लगेच म्हणायचीस, "काय ऐकलंत ते सांगा." पलीकडच्यानं परत म्हणून दाखवलं तरच फोन ठेवायचीस. तपासणीसाठी ही पद्धत उत्तमच होती, साहेबांनी पुढं ती सगळ्या खात्यांना लावली. पण तू तिथं थांबलीस का? भाजीवाल्याला, होडीवाल्याला, मला, माझ्या सासूला, सगळ्यांना तेच. "शुक्रवारी येते. काय ऐकलंस ते सांग." फादरांसमोर गुडघे टेकून पापं सांगितलीस आणि त्यांनाही म्हणालीस, काय ऐकलंत ते सांगा, फादर. हे तूच मला सांगितलंस आणि आपण दोघी हसून हसून बाकावर आडव्या झालो. हसता हसता तू मध्येच थांबलीस आणि दाराकडे कान केलास. मी विचारलं, काय गं? तू म्हणालीस, "काही नाही. टिच् झालं."

तुझ्या खोलीत तू 'वाढला' हा शब्द बंद केलास. फुटला तर फुटला म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं. बाकावरच्या बायका चिडल्या. सवाष्ण बायकांना सकाळच्या पहिल्या पाळीत तू काच फुटली म्हणायला लावतेस म्हणून एकीनं साहेबांकडे तक्रार नेली. मीही ऐकलं नाही. "रॉकेट पडलं म्हणून आमची भाषा पाडू नकोस," असं तुला तोंडावर म्हटलं. कितीतरी दिवस अबोला होता. डबा एकाच बाकावर, पण तोंडं दोन दिशांना. तू केलेलं बोंबलाचं कालवण मी त्या दिवसांत खाल्लं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण वास फार चांगला येत होता.

एकदा गोराईला तुझ्याकडे राहायला आले होते. दारात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, पास्कू जाळं दुरुस्त करत बसलेला. तू त्याला विचारलंस, तिकडच्या समुद्रात बुडालेलं इकडे येतं का. तो हसला. म्हणाला, "तिकरचा दर्या तिकरं, आपला इकरं." तू ऐकून घेतलंस. दिवस कलल्यावर मात्र मला घेऊन किनाऱ्यावर गेलीस, आणि ओहोटीची ओली वाळू बघत चालत राहिलीस, मान खाली. मला वाटलं शिंपले बघतेस. मग तू म्हणालीस, "पानी सगलं एकच ना गं?" तू घाबरलीस की तुझ्या बोलण्यातला ळ पळून जायचा. तेव्हा मला कळलं. तू रॉकेटातला तो मणी शोधत होतीस. इतकं पाणी, इतकी वाळू, दोन वेगळ्या किनाऱ्यांवरचे समुद्र, आणि माझी मॅट्रिक झालेली मैत्रीण वाटाण्याएवढा काचेचा मणी शोधत होती, कारण तो सापडला तर कळेल की फुटला होता की नव्हता. मी तुला हाताला धरून घरी आणलं. वाटेत मीही दोनदा खाली बघितलं.

माझे हे गेले त्या दिवशी तू आलीस. बघ, मीही 'गेले' लिहिलं. मोडत नाही सवय. छातीचं दुखणं होतं, गिरणीतल्या कापसानं केलेलं. चाळीतल्या बायका जमल्या होत्या, एकीच्या हातात वरवंटा होता. सासू भिंतीशी बसून म्हणाली, "तिच्यो बांगड्यो वाढवा गो." मी हात पुढं केले होते. मला काही कळत नव्हतं. तेवढ्यात तू दारातून आत आलीस, चपला न काढता, आणि वरवंट्यावर हात ठेवलास.

"काय करताय?"

"वाढवतोय," ती बाई म्हणाली.

"काय करताय ते सांगा. फोडतोय म्हणा. तोंडानं म्हणा आणि मग फोडा."

कुणी म्हणेना. सासूनं तुझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, आणि पदर तोंडाला लावला. ज्या बायकांनी आयुष्यभर तो शब्द टाळला त्यांना तो माझ्या मनगटावर उच्चारता आला नाही, आणि उच्चारता आला नाही म्हणून करताही आलं नाही. तू मोरीतला साबण आणलास, माझे हात ओले केलेस आणि एकेक बांगडी अशी काढलीस की एकही वाजली नाही. हिरव्या होत्या. त्या तू रुमालात बांधून नेल्यास. बऱ्याच दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणालीस, होडीतून खाडीत सोडल्या, शाबूत सोडल्या. म्हणालीस, "कान लावून होते. नाही फुटली एकपण." फिलू, माझ्या सगळ्या नातेवाइकांनी मिळून जे केलं नाही ते तू एका साबणाच्या वडीनं केलंस. याबद्दल मी तुला धन्यवाद म्हटले नाहीत. आपल्यात तसलं म्हणायची पद्धत नव्हती. आता म्हणते.

मग ते मोठं रॉकेट आलं, खरंच उपग्रह घेऊन जाणारं. त्यात आपल्या कारखान्याचं काही नव्हतं, तरी कँटीनमध्ये सगळे रेडिओला चिकटले होते. तू दाराशी उभी होतीस. रेडिओवर सांगितलं की तेही समुद्रात पडलं. बायका हळहळल्या. मी आधी तुझ्याकडे बघितलं, आणि देवा शपथ, मनात आलं की बरं झालं. आता हिला कळेल की हिच्या शब्दाशिवायही रॉकेटं पडतात. मी तुझ्याजवळ येऊन हेच म्हटलं. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी जीभ चावली.

"कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगितलं असेल गं," तू म्हणालीस. "आणि त्यानं काहीतरी दुसरंच ऐकलं असेल. तो आता घरी जाऊन जेवायला बसेल."

त्या रविवारी तू चर्चमध्ये मेणबत्ती लावलीस. फादरांनी विचारलं, कुणासाठी. तू म्हणालीस, "ज्याच्याकडून फुटलं त्याच्यासाठी. नाव ठाऊक नाही." सगळा देश त्या रॉकेटासाठी हळहळत होता आणि तू त्या एका माणसासाठी, जो असेल किंवा नसेलही.

आपलं शेवटचं भांडण तुझ्या ओसरीवर झालं. तू खोकत होतीस, पण तो साधा खोकला होता, असं तू म्हणालीस आणि मी ते तसंच ऐकलं. तू मला म्हणालीस, "सुमे, एकदा म्हण. असू शकेल म्हण."

"काय असू शकेल?"

"माझ्या फोननं पडलं असू शकेल."

मी नेहमीचं सुरू केलं. हजार भाग, दोन-तीन शक्यता, साहेबांनी विचारायला हवं होतं, तिकडच्यांनीही तपासले होते. तू सगळं ऐकून घेतलंस. मग शांतपणे म्हणालीस, "तू अजून माझ्याशी त्याच भाषेत बोलतेस. फुटलंय त्याला वाढलंय म्हणतेस." मला राग आला. मी म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून म्हणते ना. तू म्हणालीस, "बरं वाटायला नको मला. माझ्याबरोबर कुणीतरी ते बघायला हवंय." मी पिशवी उचलली आणि शेवटची होडी चुकेल म्हणून निघाले. होडीला अजून वेळ होता.

तुझ्या मातीच्या वेळी फादर म्हणाले की तू देवाघरी गेलीस. पास्कूची बायको म्हणाली की तू सुटलीस. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, फिलूताई आपल्यात राहिली नाही. प्रत्येकजण माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायची. पेटीवर माती पडायला लागली तेव्हा मी पुढं होऊन कान दिला. लाकडावर मातीचा आवाज जाड असतो. दुसरा कुठलाच आवाज नव्हता. मला वाटलं संपलं. मग आज सकाळी ग्लासात झालं.

तर ऐक. ओसरीवर म्हणायचं होतं ते म्हणते. आजवर टाळलं ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला भीती वाटायची की मी 'असू शकेल' म्हटलं तर तू त्या पाण्यात उतरशील आणि मला तुला परत आणता यायचं नाही. पण तू तर पहिल्या दिवसापासून त्या पाण्यातच उभी होतीस. मीच काठावर उभी राहून पाणी नाही, पाणी नाही म्हणत होते.

फिलू, त्या दिवशी दोन मणी फुटले. वाढले नाहीत, फुटले. त्यांच्याच घाण्यातला एखादा वर जाऊन फुटला असेल आणि ते रॉकेट तुझ्या वाक्यामुळं पडलं असेल. असू शकेल. तरीही तू माझी मैत्रीण होतीस, त्याच्या आधीही आणि नंतरही, आणि तुझ्याइतकी खरी बाई मी दुसरी बघितली नाही. आणि तू गेली नाहीस, सुटली नाहीस, कुणाच्या घरी राहायला गेली नाहीस. तू मेलीस.

काय ऐकलंस ते सांग.